केबलच्या कवचाची ध्वनिपरीक्षा

शेतातील विहिरीवरचा पंप, शाळेतील दिवे, ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा योजना, या सर्वांपर्यंत वीज पोहोचते ती केबलमधून. केबलमधील तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार वीज वाहून नेते. पण माणसाचे रक्षण करते ते तिच्यावरील प्लॅस्टिकचे आवरण. तारेला लागून असलेला थर विद्युतरोधकाचे काम करतो, तर सर्वांत बाहेरचे कवच घर्षण, ओलावा व उन्हाचा मारा सोसते. हे आवरण एका बाजूला जरी पातळ राहिले, तरी केबल वाकते तेथे ते आधी फाटते. ओल्या जमिनीवर अशा केबलला लागलेला हात जिवावर बेतू शकतो. म्हणूनच आवरणाची जाडी हा केवळ कारखानदाराच्या हिशेबाचा विषय नाही.

चिखलीचा परिसर

देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या दरम्यान, इंद्रायणीच्या परिसरात वसलेले चिखली हे गाव ‘टाळगाव चिखली’ या नावाने जुन्या काळापासून ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्याने आज ते वेढलेले आहे. वाहने, यंत्रे व त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या या पट्ट्याला केबलवाचून चालत नाही. केबलनिर्मितीची परंपराही येथे जुनी आहे. छाब्रिया बंधूंनी १९५८ साली पुण्यात सुरू केलेला फिनोलेक्सचा उद्योग पिंपरी येथे वाढला आणि पुढे उर्से येथेही त्याचा कारखाना उभा राहिला.

आवरण कसे चढते?

पीव्हीसीचे दाणे एक्स्ट्रूडर या यंत्रात तापवून वितळविले जातात. यंत्रातील फिरता स्क्रू हा लगदा साच्याकडे ढकलतो. साच्याच्या मध्यातून तार सतत पुढे ओढली जात असते. तिच्यावर लगद्याचा थर बसतो व केबल लगेच पाण्याच्या लांब हौदात शिरून थंड होते. साचा किंचित सरकला, लगद्याचा दाब वा उष्णता कमीअधिक झाली किंवा तार ओढण्याचा वेग बदलला, की थर एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होतो. बाहेरून मात्र केबल गोल व सुबक दिसते.

जुनी पद्धत अशी, की तयार केबलच्या टोकाचा तुकडा कापावा, त्याची पातळ चकती करावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या ठिकाणी जाडी मोजावी. ही पद्धत विश्वसनीय आहे. परंतु ती टोकाचेच सांगते. मधल्या शेकडो मीटरांत काय घडले, हे त्यावरून कळत नाही. शिवाय दोष आढळेपर्यंत माल तयार झालेला असतो.

प्रतिध्वनीची मोजपट्टी

या अडचणीवर अल्ट्रासॉनिक म्हणजेच श्राव्यातीत ध्वनीने उपाय सापडला. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा हा ध्वनी रुग्णालयातील सोनोग्राफीमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. याच्या उलट, अशा स्फटिकास विजेचे स्पंद दिले असता तो कंप पावून ध्वनी निर्माण करतो. या गुणावर ही उपकरणे चालतात.

थंड करण्याच्या हौदात केबलभोवती असे अनेक संवेदक बसवितात. प्रत्येक संवेदक ध्वनीचा स्पंद सोडतो. त्याचा पहिला प्रतिध्वनी आवरणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून व दुसरा आतल्या पृष्ठभागावरून परत येतो. विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनीला लागणाऱ्या वेळावरून तिच्या खोलीचा अंदाज यावा, तसाच हा प्रकार. पीव्हीसीमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २,३०० मीटर असतो. त्यामुळे एक मिलिमीटर जाडीच्या थरात जाऊन परत येण्यास ध्वनीला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. उपकरण हा वेळ मोजून जाडी काढते. चारही बाजूंची जाडी एकदम दिसत असल्याने तार मध्यभागी आहे की नाही हे तत्काळ कळते, आणि कामगाराला साचा वा वेग तेथल्या तेथे सुधारता येतो. पातळ बाजू भरून काढण्यासाठी सगळीकडेच जास्त प्लॅस्टिक घालण्याची गरज उरत नाही. अशा रीतीने सुरक्षितता व काटकसर दोन्ही साधतात.

मात्र या उपकरणालाही मर्यादा आहेत. आवरण गरम असताना त्यातून ध्वनी सावकाश जातो; तापमानाचा हिशेब चुकला, तर पातळ थरही जाड भासतो. पाण्यातील बुडबुडेही मोजमाप बिघडवितात. यासाठी कापलेल्या चकतीशी वेळोवेळी पडताळा घ्यावाच लागतो. नवे यंत्र जुन्या कसोटीला पूरक आहे, तिची जागा घेणारे नव्हे.

ग्राहकाची जबाबदारी

भारतीय मानकानुसार पीव्हीसी केबलच्या विद्युतरोधक थराची सरासरी जाडी ठरलेल्या मापाहून कमी असता कामा नये. कोणत्याही एका ठिकाणची तूट मापाच्या एक दशांशाहून ०.१ मिलिमीटरपर्यंतच अधिक चालते. म्हणजे एक मिलिमीटर थर कोठेही ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावा. घरगुती वापराच्या पीव्हीसी केबलसाठी आयएस ६९४ हे मानक आहे.

हे माप खरेदीदाराच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शाळा, ग्रामपंचायत किंवा शेतकरी यांनी केबल घेताना आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक व ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो परवाना खरा आहे का, याची खात्री करून घेता येते. पक्की पावती घ्यावी व ती जपून ठेवावी. कारखान्यात प्रतिध्वनीने राखलेली सावधगिरी दुकानात स्वस्ताईच्या मोहाने वाया जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक संस्थेने घेतली पाहिजे.