काटा वर, टेन्शन वर!

मे महिन्यातला शनिवार. सकाळचे साडेनऊ. एक्स्प्रेस-वेवर खंडाळ्याचा घाट आणि लाँग वीकेंडचा टिपिकल जॅम. गाडीत मी, आई, बाबा, मिठाईचे चार बॉक्स आणि मागच्या सीटवर जपून ठेवलेली आईची पैठणी. साडेबाराला पुण्यात माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा. आणि अशा वेळी बाबा शांतपणे म्हणतात, ‘‘एसी बंद कर. हीटर लाव.’’

हो, हीटर! मे महिन्यात!

आई म्हणाली, ‘‘डोकं फिरलंय का तुमचं?’’ बाबांनी फक्त डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीच्या अगदी उंबरठ्यावर होता.

थोडा फ्लॅशबॅक. गाडी माझी. सेकंडहँड, पण माझ्या पगारातून घेतलेली, आमच्या घरातली पहिली स्वतःची गाडी. ‘स्वतःची’ म्हणायचं कारण असं, की बाबांनी आयुष्यातली बावीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी फियाट चालवली, पण ती शेठची. त्यामुळे माझ्या गाडीचं त्यांना कोण कौतुक! आणि मला मात्र त्यांच्या सूचनांचा जाम कंटाळा. ‘‘सकाळी निघताना पाणी बघत जा गं,’’ हे वाक्य मी रोज एका कानाने ऐकायचे आणि दुसऱ्याने सोडून द्यायचे. म्हटलं, बाबा अजून फियाटच्या जमान्यात आहेत.

खरं तर गाडी दोन आठवडे काहीतरी सांगत होती. सकाळी हायवे मोकळा असला की काटा मधल्या रेषेच्या बराच खाली. सिग्नलला अडकलं की वर. पुन्हा वेग घेतला की खाली. मी काय केलं? काहीच नाही. लाल दिवा तर लागला नव्हता ना!

काटा नेमकं काय सांगतो?

त्या दिवसानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. फंडा सोपा आहे. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात मुरते. ती बाहेर काढायचं काम कूलंट करतं. वॉटर पंप त्याला इंजिनभर फिरवतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये ते वाऱ्यावर निवतं.

पण इंजिनाला थंडीही सोसत नाही. म्हणून वाटेत एक दारवान बसवलेला असतो, त्याचं नाव थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. बहुतेक गाड्यांत कूलंट 82 ते 90 अंशांच्या आसपास आलं, की तो दार उघडायला लागतो. गाडी उभी असताना वारा मिळत नाही, म्हणून 95 ते 100 अंशांच्या आसपास रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा सुरू होतो आणि थोडं निवलं की बंद पडतो. म्हणजे सिग्नलला तापमान थोडं चढणं-उतरणं अगदी नॉर्मल. गाडी बंद केल्यावरही पंखा घुं-घुं करत राहिला, तर घाबरू नका.

गंमत अशी, की अनेक नव्या गाड्यांत हा चढउतार आपल्याला दिसू नये, म्हणून काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. आत तापमान 80 असो की 100, काटा जागेवर. अशा गाडीचा काटा हलायला लागला, तर समजा की मामला खरोखर गडबडीचा आहे. काही गाड्यांत तर काटाच नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, तापलं की लाल. मधलं काहीच नाही!

आता तो हीटर

गाडीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे लपलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो आपल्या अंगावर सोडतो. एसी बंद केल्याने इंजिनावरचा भार कमी होतो, हीटर फुल केल्याने उष्णता बाहेर पडायला आणखी एक वाट मिळते. आम्ही तिघं घामाने निथळलो, पण काटा खरंच जरा खाली आला. मी बाबांकडे पाहून हसले.

दोन-तीन मिनिटं गेली असतील. काटा अचानक सर्रकन तळाला गेला. मी म्हटलं, ‘‘वा! निवली गाडी.’’

बाबांनी हीटरच्या जाळीसमोर हात धरला. ‘‘वारा गार येतोय. पाणी संपलं. गाडी बाजूला घे आणि बंद कर. लगेच!’’

मला काही कळेना. काटा खाली आहे, मग टेन्शन कसलं? पण त्यांचा आवाजच असा होता, की मी हॅझर्ड लाइट लावून गाडी डाव्या कडेला घेतली आणि चावी फिरवली. नंतर कळलं, की हाच सगळ्यात फसवा क्षण असतो. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंटच उरलं नाही, की तो हवेत लोंबकळतो आणि काटा पडतो. इंजिन मात्र आत भट्टीसारखं तापत असतं. आणखी दोन किलोमीटर मी तशीच चालवली असती, तर हेड गॅस्केट उडालं असतं, कदाचित इंजिनच जाम झालं असतं.

बॉनेटखालून वाफ निघत होती. आईला कठड्यापलीकडे सुरक्षित उभं केलं. मी घाईघाईत ओढणीची घडी केली आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं, की मी ओरडलेच.

मग त्यांनी शर्टाची उजवी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग. लहानपणापासून मी तो पाहत आले होते आणि मला ती जन्मखूण वाटायची. ‘‘तू वर्षाची होतीस,’’ ते म्हणाले, ‘‘याच घाटात. भाड्याला उशीर होत होता म्हणून मी थांबलो नाही. झाकण उघडलं.’’

एवढंच. पुढे ते काही बोलले नाहीत. मीही.

त्या झाकणात स्प्रिंग असते आणि ती आतला दाब धरून ठेवते. या दाबामुळेच कूलंट 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपास तग धरतं. तापलेलं झाकण उघडलं, की दाब एका क्षणात जातो आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं. घाई कितीही असो, अर्धा-पाऊण तास थांबायचं म्हणजे थांबायचं. आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतायचं नाही. लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आम्ही तासभर थांबलो. अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला, पण बाबा अजूनही ‘अमृतांजनच्या अलीकडे’ असंच सांगतात. भावाला फोनवर त्यांनी तेच सांगितलं. मग रेडिएटर हाताला पूर्ण गार लागल्यावर त्यांनी झाकण सोडलं, होज पाइपची ढिली क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळली आणि आमच्या प्यायच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून आत रिकाम्या केल्या. हळूहळू लोणावळा गाठलं, गाडी गॅरेजला सोडली आणि टॅक्सी करून पुण्यात पोहोचलो. पंधरा मिनिटं उशिरा, पण पोहोचलो. आईने पैठणी हॉलच्या ग्रीन रूममध्ये नेसली.

गॅरेजमध्ये काय निघालं? क्लिपमधून थेंब थेंब गळती. आत कूलंट नाहीच, नुसतं नळाचं पाणी. आणि थर्मोस्टॅट गायब! ‘गाडी तापू नये’ म्हणून आधीच्या मालकाने काढून टाकलेला. हा आपल्याकडचा जुनाच जुगाड. त्यामुळे हायवेवर इंजिन नको तितकं गार राहतं, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. माझ्या काट्याच्या झोक्यांचं रहस्य हेच होतं. गळतीमुळे दाबही टिकत नव्हता, मग घाटात साधं पाणी उकळणारच.

तुमचा काटा काय म्हणतोय?

● ट्रॅफिकमध्ये चढतो, पळताना उतरतो: पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले तपासा.
● वेगात किंवा चढावर चढतो: रेडिएटर चोंदला असेल, नाहीतर कूलंट कमी.
● हायवेवर खूप खाली जातो: थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही.
● निघाल्यावर काही मिनिटांतच लाल: थर्मोस्टॅट बंद अडकला असेल किंवा वॉटर पंप गेला असेल.
● वर-खाली नाचतो, हीटर मधेच गार: कूलंट कमी किंवा आत हवा अडकलीय.
● सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइल दुधाळ कॉफीसारखं: हेड गॅस्केट. गाडी चालवू नका, टो करा.

कूलंट रंग पाहून घेऊ नका, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घ्या. आणि इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुम्हीही हसू नका. तुमच्यापैकी अनेकांच्या बॅटरीलाही कूलंट लागतंच.

मुंबईच्या रस्त्यावरून फियाट टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून इतिहासजमा झाली. बाबा त्याआधीच रिटायर झालेले. पण आता रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी, इंजिन गार असताना, मी बॉनेट उघडते. पांढऱ्या बाटलीवरच्या मिन आणि मॅक्सच्या मधे पातळी आहे ना, ते बघते. दहा सेकंदांचं काम.

वर गॅलरीत बाबा चहाचा कप घेऊन उभे असतात. मी अंगठा दाखवते. मग ते आत जातात.