खोक्यातली पिल्लं

मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीत सायकलवाला येतो. कॅरियरला जाळीची टोपली, टोपलीत गुलाबी, हिरवी, केशरी पिल्लं. पोरं हट्टाला पेटतात, आजी नको नको म्हणते, आणि शेवटी बुटांच्या खोक्यातून दोन पिल्लं दोन खोल्यांच्या घरात दाखल होतात. पुष्कळदा चार-आठ दिवसांतच ती मान टाकतात. रंगामुळे गेली, दृष्ट लागली, असं काहीबाही बोललं जातं. अनेकदा कारण साधं असतं: पिल्लं गारठलेली असतात.

गारठा, तोही मे महिन्यात? हो. अंगावर नुसती लव असलेल्या पिल्लाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला 32 ते 35 अंश तापमान लागतं, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. गावाकडे हे काम खुडूक कोंबडी पोटाखाली घेऊन करते. शहरात ते बल्बवर येतं, आणि इथेच हल्ली फसगत होते. जुना तारेचा पिवळा बल्ब तापायचा. एलईडी उजेड देतो, पण त्याची ऊब पिल्लाला पुरत नाही. तेव्हा 60 वॅटचा जुना बल्ब शोधून आणावा आणि खोक्याच्या एका कोपऱ्यावर, पुठ्ठ्यापासून चांगला लांब टांगावा. मधोमध नको, कारण उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. तिचा वायू पिल्लांनाच काय, माणसांनाही घातक.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. खोकाभर पांगून टिपत, मधूनच डुलक्या काढत असतील, तर सगळं ठीक.

खोक्यात नुसता वर्तमानपत्राचा कागद घालणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्यावर पाय घसरतात आणि कोवळ्या सांध्यांमुळे ते कायमचे फाकू शकतात. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा बरा. पाणी उथळ थाळीत, त्यात चार स्वच्छ खडे. पिल्लू वाटीभर पाण्यातही बुडून मरतं. पहिले काही दिवस शेपटीखाली रोज बघावं. विष्ठा वाळून तिथे घट्ट चिकटली की पिल्लाला शी करता येत नाही. ती ओढून काढायची नाही, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूहळू सोडवायची.

खाण्याचं काय? अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर सुमारे 72 तास तग धरतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून लांबलांब पाठवता येतात. त्यानंतर मात्र नुसत्या तांदळाच्या कणीवर भागत नाही. पशुखाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या चिक स्टार्टरमध्ये 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पिसं फुटायला तीच लागतात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात. पण एकेका कुपीत शेकडो पिल्लांपुरती लस असते, दोन पिल्लांसाठी ती कोण फोडणार? त्यापेक्षा लसीकरण झालेली, तीन-चार आठवड्यांची पिल्लं घेणं शहाणपणाचं. आणि घरातल्या माणसांसाठी एक पथ्य: ठणठणीत दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. खोका स्वयंपाकघरात ठेवू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, लहान मुलांना पिल्लाचे मुके घेऊ देऊ नयेत.

रंगीत पिल्लांची आणखी एक गोम आहे. अंड्यांच्या जातींमध्ये नर अंडी देत नाहीत आणि मांसही सावकाश धरतात. त्यामुळे हॅचरीत पहिल्याच दिवशी ते वेगळे काढले जातात. स्वस्तात विकली जाणारी पिल्लं बहुतेक हीच. नवी पिसं आली की गुलाबी रंग जातो, पंख फडफडू लागतात, खोका अपुरा पडतो, घरभर भुसा आणि पिसांची धूळ उडते. आणखी काही आठवड्यांनी एखाद्या पहाटे तिसऱ्या मजल्यावरून बांग ऐकू येते, आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन.

थोडक्यात, घरातला मुक्काम पाच-सहा आठवड्यांचाच. त्यानंतरच्या खुराड्याची जागा, गावी किंवा अंगणात, आधीच ठरलेली नसेल तर सायकलवाल्याला पुढे जाऊ द्यावं.