वीटभट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टोकियोच्या उत्तरेला, सायतामा प्रांतातल्या फुकाया गावी १९०७ साली बांधलेली विटांची एक भट्टी जपून ठेवली आहे. १८८७ साली उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने निघालेल्या कारखान्याची ही भट्टी १९६८पर्यंत पेटती होती. टोकियो स्टेशनच्या बांधकामाला याच कारखान्याच्या विटा गेल्या. आपल्याकडच्या काही समजुती या भट्टीशी ताडून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज: काळा धूर दिसला म्हणजे भट्टी जोरात आहे.
वस्तुस्थिती: काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. एकदम ढीगभर कोळसा ओतला की त्याला हवा पुरत नाही आणि पैसे मोजून आणलेला माल काजळी होऊन उडून जातो. फुकायाला छतातल्या भोकांतून कोळशाचा चुरा थोडाथोडा सोडत.

गैरसमज: वीट पक्की हवी तर इंधन जास्तच लागणार.
वस्तुस्थिती: आपण कच्च्या विटांची रास रचतो, मधे कोळसा, तूस भरून पेटवतो. बाजूंची धग वाऱ्यावर जाते, भाजलेल्या विटांतली उष्णताही तशीच निवून जाते. पुढची रास पुन्हा गार विटांपासून सुरू. फ्रीडरिश हॉफमन या जर्मन अभियंत्याने १८५८ साली पेटंट घेतलेल्या भट्टीत विटा जागेवर राहतात आणि विस्तव गोल फिरतो. फुकायाची ५६.५ मीटर लांब भट्टी याच प्रकारची, तिच्यात १८ कप्पे आहेत. आत येणारी हवा आधी भाजून झालेल्या विटांमधून जाते, त्यांना निववते आणि स्वतः तापून विस्तवाला मिळते. विस्तवापलीकडचे गरम वायू पुढच्या कच्च्या विटा तापवूनच धुराड्यात शिरतात. सुमारे अर्ध्या महिन्यात एक फेरी पुरी होई. महिन्याला साडेसहा लाख विटा निघत.

गैरसमज: अशा भट्टीसाठी वीज आणि महागडी यंत्रं हवीत.
वस्तुस्थिती: तोचिगी प्रांतात नोगी इथली सोळा कोनांची हॉफमन भट्टी १८९०ची. हवा ओढण्याचं काम मधलं धुराडंच करी. आजच्या झिगझॅग भट्टीतही मुख्य करामत विटा रचण्यात आहे. गरम हवा नागमोडी जाते, म्हणून विटांना जास्त वेळ भिडते. पंखा लावता येतो, पण धुराड्याच्या ओढीवरही ती चालते.

गैरसमज: धुराडं उंच केलं की प्रदूषण गेलं.
वस्तुस्थिती: उंचीमुळे धूर लांबवर पसरतो, त्याचं वजन घटत नाही.

गैरसमज: भट्टी सुधारली की हवा स्वच्छ.
वस्तुस्थिती: कोळसा कमी लागतो, पण जो जळतो त्यातलं गंधक आणि राख उरतेच. केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमांत नव्या भट्ट्यांसाठी झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टची रचना, नाहीतर पाइपमधून येणारा गॅस, असे पर्याय आहेत.

नवी भट्टी बांधेपर्यंत एक गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे: कच्ची वीट खडखडीत वाळल्याशिवाय भट्टीत रचू नये. तिच्यातलं पाणी उडवायलाही कोळसाच जळतो.