नाकातून ऑपरेशन झाल्यावर वुजू
अंगठी घट्ट झाली, चपलेचा नंबर वाढला किंवा बाजूने येणारी सायकल दिसेनाशी झाली, तर नुसता चष्मा बदलू नका. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातली गाठ वाढली की डोळ्यांच्या नसा दाबते. ही गाठ सहसा कॅन्सरची नसते. प्रोलॅक्टिनची असेल तर बहुधा गोळ्यांनीच आटोपते. नाहीतर नाकातून दुर्बिणीने काढतात. चंद्रपूर-गडचिरोलीचे रुग्ण त्यासाठी बहुधा नागपूर गाठतात.

नंतर काही आठवडे नाक शिंकरणं, खाली वाकणं मना. म्हणून वुजूत नाकात पाणी ओढू नये, सजदा इशाऱ्याने करावा. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे. मोठ्यांनी टोकू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर रमजानचा रोजा डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या अचानक थांबल्या तर जिवावर बेततं.