सिस्टर एवढं काय लिहितात?

वॉर्डात भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची एक तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. 'सिस्टर सारख्या लिहीतच बसलेल्या असतात!' तक्रार अगदीच खोटी नाही. पाळीतला बराच वेळ टेबलाशी जातो. पण त्या लिहिण्यात काय असतं आणि त्याबद्दल आम्हा परिचारिकांना स्वतःला काय वाटतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

डॉक्टर राउंडला येतात, रुग्णाला तपासतात, सूचना लिहून पुढच्या खाटेकडे जातात. उरलेला दिवस रुग्ण परिचारिकांच्या ताब्यात असतो. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या बदलतात आणि दर वेळी रुग्ण एका सिस्टरच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. दुपारी दोनला घरी गेलेल्या सिस्टरने काय पाहिलं, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, हे रात्री दहाला आलेल्या सिस्टरला कळायचं ते कागदावरूनच.

ही सवय आमच्या व्यवसायात जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना ठाऊक असतो, आकडेमोड फारशी कुणाला ठाऊक नसते. १८५४ साली त्या क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या शुश्रूषेला गेल्या. सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त मरतात, हे पुढे १८५८ साली त्यांनी आकडे आणि आकृत्या मांडून सरकारला दाखवलं.

लिहिण्याचा आम्हाला कंटाळा आहे, असं मात्र नाही. माझ्या मैत्रिणी बोलताना दोन भाग करतात: रुग्णासाठीचं लिहिणं आणि फाइलसाठीचं लिहिणं. पहिल्या भागातलं उत्तम उदाहरण म्हणजे इनटेक-आउटपुट चार्ट. पोटात आणि सलाइनमधून किती गेलं, लघवी किती झाली, याचा हिशेब. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी. काही तास ती सतत कमी भरली, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पडत असेल अशी शंका घ्यावी लागते. रक्ताचा रिपोर्ट बिघडण्याआधीच ही खूण पुष्कळदा मिळते. पण होतं काय, की मुलगा किंवा सून प्रेमापोटी युरिन पॉट मोरीत रिकामा करून, स्वच्छ धुऊन ठेवते. मधल्या वेळेत नारळपाणी पाजलं, चहा दिला, तेही सांगायचं राहतं. मग चार्टवर उरतात ते अंदाज.

श्वासाची नोंद हे आमचं खरं दुखणं. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर मोजावा लागतो. चाळीस खाटांचा वॉर्ड असेल तर नुसत्या श्वासांनाच चाळीस मिनिटं! रात्रपाळीला दोघीच असतात, त्यात एखादी नवी केस येते. म्हणून कितीतरी टी.पी.आर. चार्टवर श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २० असंच दिसतं. लिहिणारीला ते ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. खरं तर माणूस ढासळू लागला की पुष्कळदा सगळ्यांत आधी बदलतो तो श्वासच. तापाचा आकडा शंभराच्या आत आहे म्हणून सगळे निर्धास्त, आणि रुग्ण मिनिटाला तीस श्वास घेतो आहे, अशी वेळ येऊ शकते. यात एकट्या सिस्टरला दोष देणं मला पटत नाही. हात वाढवल्याशिवाय हा रकाना खरा होणार नाही.

आता फाइलसाठीचं लिहिणं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे रुग्णालयांची मानांकनं आली. 'लिहिलं नाही ते केलं नाही' हे वाक्य आमच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याचा फायदाही झाला. औषध नेमकं किती वाजता दिलं, ते कुणी दिलं, हे आता टाळता येत नाही. इन्सुलिनच्या डोसापुढे नुसतं 'यू' लिहिलं तर ते शून्यासारखं दिसून ४ चे ४० होऊ शकतात, म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायची शिस्तही आली. पण तीच माहिती केसपेपरवर, रिपोर्ट बुकात, रजिस्टरात, पुन्हा एखाद्या छापील फॉर्मवर उतरवायची, तेव्हा मुली चिडतात. शिवाय घाबरलेल्या आजींजवळ दहा मिनिटं बसून त्यांची समजूत काढली, तर त्याला कोणत्याच कागदावर जागा नाही.

संगणक आल्यावर अक्षर लागण्याचा प्रश्न सुटला, हे मान्य. मात्र संगणक असतो काउंटरवर आणि रुग्ण असतो खाटेवर. त्यामुळे आकडे आधी तळहातावर किंवा चिठोऱ्यावर, आणि सवड मिळेल तेव्हा पडद्यावर! कालची नोंद एका बटणासरशी आज उतरवता येते, ही सोय मला तरी धोक्याची वाटते.

नातेवाइकांना एक सांगणं आहे. पॉट रिकामा करण्याआधी सिस्टरला विचारा. रुग्ण किती प्याला हे कपाच्या किंवा बाटलीच्या मापाने उशाशी एका कागदावर लिहून ठेवा. आणि वेळ घालताना नुसतं 'सकाळी' नको, 'सव्वासात' असं लिहा.