व्हायरस तुमच्या मशीनमध्ये नाही, फोनवर आहे

स्क्रीन अचानक लाल होते, भोंगा वाजू लागतो आणि 'ताबडतोब या नंबरवर फोन करा' अशी पाटी झळकते. हे बहुतेक वेळा ब्राउझरमधलं एक पान असतं, बाकी काही नाही. ऑल्ट आणि एफ४ दाबा. नाहीच हललं तर कॉम्प्युटर सरळ बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच.

कधी फोन भामट्यांकडूनच येतो. मग पुरावा म्हणून तुम्हालाच 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायला लावतात. लाल-पिवळ्या खुणांची रांग बघून माणूस हबकतो. पण ती विंडोजची रोजची नोंदवही. ठणठणीत मशीनवरही अशा खुणा असतातच. दुसरी युक्ती जास्त बेरकी. ८८८डीसीए६० पासून सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवतात: "हा तुमचा लायसन्स आयडी, जुळतो ना?" जुळणारच! तो सगळ्या विंडोजवर एकच असतो.

एकदा विश्वास बसला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर घ्यायला सांगतात. ॲप्स खरी आहेत, कामाचीही. पण ॲपमधला कोड सांगितला की माउस त्यांच्या हातात. अमेरिकेत अनेकदा गिफ्ट कार्डांचे नंबर मागतात, आपल्याकडे ओटीपी.

कोड दिलाच असेल तर हुज्जत घालू नका. आधी वायफाय तोडा, बँकेला कळवा, भारतात असाल तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. आणि पुढे 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' असा फोन आला, तर तोही बहुधा त्याच टोळीचा.