संकल्पाची तारीख काढलीत का?

मैत्रिणींनो, मागच्या वर्षाची डायरी हाताशी असेल तर पहिलं पान उघडून बघा. 'वजन कमी करणे. शिवणक्लास लावणे. राहिलेलं शिक्षण पूर्ण करणे.' अक्षर कसं छान, टपोरं! फेब्रुवारीपासून मात्र त्याच डायरीत दुधाचा हिशोब, वाण्याची यादी आणि भिशीचे हप्ते.

म्हणजे आपल्यात चिकाटी नाही का? छे! घरात लग्न निघालं की आपण पहिलं काय म्हणतो? आधी तारीख काढा! एकदा तारीख निघाली की हॉल, आचारी, मानपान सगळं आपणच मार्गी लावतो. स्वतःच्या संकल्पाची तारीख मात्र कधी काढतच नाही.

हे मला उमगलं चिरनेरला. उरण तालुक्यातल्या या गावी महागणपतीच्या दर्शनाला पुष्कळ जणी जातात. आम्हीही गेलो होतो. परतताना गावातल्या हुतात्मा स्मारकापाशी थांबलो.

१९३० साल. १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मीठ उचललं. पुढे पावसाळा आला. पावसात मीठ कसं पिकणार? मग महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी जंगलाचा कायदा मोडायचं ठरवलं. राखीव जंगलातून लाकूडफाटा, गवत आणायला सरकारची बंदी होती. ज्यांची चूलच त्या फाट्यावर पेटायची, त्यांनी काय करायचं?

चिरनेरकरांनी दिवस ठरवला, २५ सप्टेंबर. जागा ठरवली, अक्कादेवीचा डोंगर. आसपासच्या गावांतून माणसं कोयते घेऊन आली. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. त्यात नाग्या कातकरी होता. रानावर पोट असलेल्या समाजातला हा तरुण. आजही दरवर्षी २५ सप्टेंबरला गावात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

त्यांच्या त्यागाशी आपल्या डायरीची तुलना करायची नाही. तेवढी आपली पायरी नाही. पण स्वराज्याएवढी मोठी गोष्ट त्या माणसांनी कशी हातात घेतली, ते शिकण्यासारखं आहे. त्यांनी ती कोयत्याएवढी केली. दिवस नक्की केला. आणि चारचौघांत बोलून सगळे मिळून गेले.

आता आमच्या शेजारच्या वहिनींचं सांगते. मुलाच्या शाळेचा फॉर्म भरताना 'आईचं शिक्षण' हा रकाना आला. वहिनींनी तो कोरा सोडला. मुलगा म्हणाला, "आई, लिही ना काहीतरी!" नववीतून शाळा सुटलेली, काय लिहिणार? त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. 'शिकायचंय' हे त्या बारा वर्षं म्हणतच होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत जाऊन विचारलं. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. त्यांनी फॉर्मची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आणि जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात?" पण म्हणाल्या तेवढंच!

अभ्यास किती? पहाटे नळाला पाणी यायच्या आधी रोज अर्धा तास. गौरी-गणपतीत आठ दिवस पुस्तक उघडलं नाही. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा तर तीन आठवडे गेले. "संपलं माझं!" म्हणून वहिनी रडल्या. मी म्हटलं, "अहो वहिनी, एकदा पोळी करपली म्हणून आपण तवा टाकून देतो का?" दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धा तास.

निकाल लागला आणि गणित राहिलं. कॉलनीत कुजबुजही झाली. चारचौघांत सांगितल्याची ही किंमत असते. पण सांगितलं होतं म्हणूनच मागे फिरता येईना. पुरवणी परीक्षेला वहिनी पुन्हा बसल्या आणि सुटल्या. पेढे वाटायला सासूबाई पुढे!

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा दहा संकल्प नकोत, एकच घ्या. तो इतका छोटा करा, की उद्या सकाळी घरातल्या घरात सुरू करता येईल. 'शिवण शिकायचं' असं लिहू नका. 'सोमवारी दुपारी क्लासची फी विचारून यायचं' असं लिहा. घरातल्या एका तरी माणसाला मोठ्याने सांगा. आणि खंड पडला तर हिशोब मांडत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागा.

मुलांच्या परीक्षा, सिलिंडरचा नंबर, नणंदेच्या मुलीचा बारसा-वाढदिवस, सगळ्यांच्या तारखा आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतात. आज त्यावर आपलीही एक लिहूया. लाल पेनाने!